टाक्यांवरचं हसू

“दुखतंय का?” असं सीताबाई नर्सनं विचारलं आणि मनकर्णाबाई दचकली. आदल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत नेलं, तोंडावर जाळी ठेवून गोडसर, उग्र वासाचं औषध हुंगवलं, तेव्हाही ती अशी दचकली नव्हती. प्रश्न तसा साधाच होता. पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघताना सासू विचारायची, सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेतला का, मिरच्या घेतल्या का, तितकाच साधा. पण हा प्रश्न आजवर आपल्याला कुणी विचारलाच नव्हता, हे तिच्या एकदम ध्यानात आलं. ‘दुखत असन’ म्हणणारे भेटले होते, ‘दुखनारच’ म्हणणारे तर घरोघर होते. पण विचारून झाल्यावर उत्तरासाठी तोंडाकडे बघत थांबलेलं माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती. सीताबाई थांबली होती. पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात पितळेचा ट्रे, आणि खिडकीतलं हिवाळ्याचं ऊन तिच्या अर्ध्या तोंडावर.

“नाई,” मनकर्णा म्हणाली. “काईच नाई दुखत.”

सीताबाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. खरं तर दुखत होतं. बेंबीच्या खाली कुणीतरी धार लावलेला विळा आडवा ठेवून दिल्यासारखं होतं. निपचित पडलं की विळाही निपचित राही. श्वास जरा खोल गेला की त्याचं टोक हलायचं. म्हणून मनकर्णानं श्वास गळ्यापर्यंतच घ्यायचा, खाली जाऊच द्यायचा नाही, अशी युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीचा तिला मनातून अभिमानही वाटत होता. पण या दुखण्याच्या बाजूलाच आणखी एक गोष्ट सकाळपासून तिच्याजवळ होती, ती तर सांगण्यासारखीच नव्हती. चादरीखाली पोट सपाट होतं. आणि पोटाच्या पलीकडे, खाटेच्या टोकाशी, दोन पाय दिसत होते. उताणं निजून तिनं आपले पाय किती दिवसांत पाहिले नव्हते! तिनं उजवा अंगठा हलवला. तिकडे तो हलला. जोडवं उन्हात चमकलं. डावा हलवला. तोही हलला. लग्नात नवीन जोडवी घातली होती तेव्हासुद्धा तिनं ती इतक्या कौतुकानं पाहिली नव्हती. मग उगीचच तिला हसू यायला लागलं आणि विळ्याचं टोक लगेच हललं, तेव्हा तिनं ओठ मिटून घेतले.

पोट वाढायला लागलं तेव्हा साऱ्यांना आनंदच झाला होता. दोन पोरींच्या पाठीवर पुन्हा दिवस गेले म्हणून सासूनं, जिजाबाईनं, देवाला नारळ बोलला. वाशीमच्या बाजारात शेजारी बसणाऱ्या बाया तिला आपल्या पाटीतल्या चिंचा काढून द्यायच्या. मनकर्णा चिंचा खायची, वांगी विकायची आणि आतून काही हलतं का याची वाट बघायची. काही हलायचं नाही. सातवा गेला, नववा गेला, पोट वाढतच राहिलं. बायांना वाटलं, हिचं मोजायला चुकलं. मग हसणं सुरू झालं. तसं कुणी वाईट मनानं हसत नव्हतं. तीही त्यांच्यात हसायची. त्याच सुमारास राज्य बदललं, कालपर्यंत नागपूरकडे बघणारा मुलूख आता मुंबईत गेला असं लोक सांगू लागले, तेव्हा मिरच्यावाली रामीबाई भर बाजारात म्हणाली होती, “अवं मनकर्णे, तुहं लेकरू मध्यप्रदेशातलं धरायचं की मुंबईतलं?” सगळा भाजीबाजार हसला. मनकर्णाही पोट धरून हसली, आणि घरी जाताना ओढ्याच्या उतारावर पाटी टेकवून, एकटीच, बराच वेळ उभी राहिली. चालताना आता पोट आपल्या पुढे चालतं आणि आपण त्याच्या मागे, असं तिला वाटायचं. कमरेत कळा यायच्या, लघवीला कोंडायचं, रात्री कुशीवर होता यायचं नाही. यातलं तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. शेवटी मळ्यात वाफे मोडता मोडता ती खाली बसली ती उठेचना, तेव्हा नवऱ्यानं, शालिकरामनं, बैलगाडी जुंपून तिला मिशनच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, लेकरू नाही, अंडाशयाला गोळा आहे, काढायला पाहिजे. काढल्यावर त्यांनी शालिकरामला तो गोळा कोहळ्याएवढा होता म्हणून हातानं दाखवलं. शालिकराम त्यांच्या हातांकडे न बघता आपल्या पायतणाकडे बघत राहिला. बायकांच्या आतल्या गोष्टी चारचौघांत ऐकणंसुद्धा त्याला जमत नसे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं, ती माहेरी गेली, आसेगावले.

आपण कुणाला काही का सांगितलं नाही, हे आता खाटेवर पडल्या पडल्या तिच्या मनात घोळायला लागलं. सीताबाईच्या प्रश्नानं हे लावून दिलं होतं. तिला पहिलं बाळंतपण आठवलं. आतल्या खोलीत ती, सासू आणि सुईण; बाहेर ओसरीवर सासरा, दीर, पाहुणे. पहिली मोठी कळ आली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात जिजाबाईनं लुगड्याच्या पदराचा बोळा करून तिच्या दातांत दिला. तिनं तो धरला. उजाडेपर्यंत धरला. पोरगी झाली. दातांतून बोळा काढला तेव्हा त्यावर रक्त होतं. आणि मग जिजाबाई बाहेर जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली, “माही सून दगड हाय दगड! हूं का चूं केलं नाई.” सासरच्या घरात मनकर्णाची ती पहिली तारीफ. नंतरही झाली असेल, भाकरीची, वांग्याच्या भाजीची. पण ही वेगळी होती. ही तिनं जन्मभर उशाशी ठेवली होती. पायात बाभळीचा काटा मोडला, मोटेच्या दोरानं हात सोलला, विंचू चावला, की ती मनाशी म्हणायची, मी दगड आहे. आता दुखतं म्हणायचं म्हणजे ती एवढी एकच गोष्ट आपल्या हातानं सोडून द्यायची. आणि ती सोडल्यावर आपण कोण, हे तिला माहीत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर रुपाबाई होती. किन्हीराजाच्या बाजूच्या तांड्यावरची, वयानं थोरली, हातभर हस्तिदंती बांगड्यांची बलोयं घातलेली. तिची गर्भाची पिशवी काढली होती, टाके तसेच, तिथेच. पण ती दुखणं लपवत नव्हती, मांडून ठेवत होती. “याडी वो याडी,” करून ती सुरात रडायची, आईला हाक मारायची, मधेच रडणं थांबवून पाणी मागायची आणि घोट घेऊन सोडलं होतं तिथून पुन्हा सूर धरायची. वॉर्डातल्या बाया कंटाळायच्या. मनकर्णाला मात्र त्या रडण्याचा हेवा वाटायचा. तो सूर वर चढला की आपल्याही पोटातलं काही त्याच्याबरोबर चढतंय आणि खाली येताना जरा हलकं होऊन येतंय, असं वाटायचं. आपण फुकट दुसऱ्याच्या गाडीत बसून चाललोय, तसं.

“तू काहून अशी मुक्यावानी पडली वं?” रुपाबाईनं एकदा रडणं थांबवून विचारलं. “दुखत नाई तुले?”

“नाई.”

“झूट!” रुपाबाई म्हणाली. “मलेच एवढं दुखते, न् तू त माह्यापेक्षा वायलेली, काडीवानी. आमच्या तांड्यात पोरीले लगनाच्या आधी रडनं शिकोतात. ज्या पोरीले रडता येत नाई तिले हासतात लोक.”

रडणं शिकवतात! मनकर्णाला ते फार नवल वाटलं. आसेगावला आईनं तिला मेथी निवडायला शिकवली, रोपं लावायला शिकवली, चुलीवर हात न भाजता भाकर उलटायला शिकवली. रडणं हीसुद्धा शिकण्यासारखी गोष्ट असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुपारनंतर तिच्या अंगात कणकण आली. डॉक्टरीणबाई आल्या, छातीला नळी लावून मागून पुढून ऐकलं आणि सीताबाईशी हलक्या आवाजात बोलल्या. मग सीताबाई खाटेवर येऊन बसली. ती नगरकडची, तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. पण आता ती अगदी बहिणीसारखी बोलत होती. “मनकर्णाबाई, तुम्ही श्वास वरच्यावर घेताय. छातीत कफ साठतोय. खोकून तो बाहेर काढला नाही, तर पोट बरं होईल आणि छाती तुम्हांला घेऊन जाईल. पोटावर ही उशी दाबून धरा आणि खोका. दुखेल. दुखत असेल तर मला सांगा, मी सुई देते, मग खोकता येईल. पण न दुखणाऱ्या बाईला मी सुई कशी देऊ?”

मनकर्णानं उशी धरली. घशात खाकरल्यासारखं केलं. “झालं,” म्हणाली. सीताबाईला ते खोटं आहे हे कळलं, आणि तिला कळलंय हे मनकर्णाला कळलं. छातीत खरंच घरघरत होतं. पोरींची तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली. धाकटीच्या डोक्यात तेल कोण घालत असेल, असं वाटलं. सांगावं, असं अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण जिभेला ते शब्द वळणाचे नव्हते. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. सीताबाई मधल्या जागेत उभी राहायची, डोळे मिटायची आणि सगळ्यांसाठी मागणं मागायची. हिंदू बाया, तांड्यावरच्या बाया, कोपऱ्यातली एक मुसलमान म्हातारी, साऱ्या आपापल्या परीनं हात जोडून गप्प पडून राहायच्या. इथं हेही सांगायला पाहिजे, की ऑपरेशन झालेल्या बाईला वारा सरेपर्यंत घोट घोट पाण्याखेरीज काही मिळत नसे. डॉक्टरीणबाई रोज सकाळी परक्या उच्चारात, पण अगदी गंभीरपणे, खाटेखाटेपाशी विचारायच्या, “वारा सरला काय?” सकाळी मनकर्णानं लाजेनं चादर तोंडावर ओढून घेतली होती. रुपाबाई मात्र रागानं म्हणायची, “सरला असता त तुमाले बंगल्यावर आयकू आला असता, बाई!” तर त्या संध्याकाळी प्रार्थना चालली होती. दिवे लागायचे होते. दूर बालाजीच्या देवळात घंटा वाजून थांबली होती, आणि सीताबाई सावकाश म्हणत होती, हे प्रभू, या लेकरांना शांती दे. ती थांबली. अगदी शांत झालं. आणि त्या शांततेत रुपाबाईच्या खाटेवरून, आधी दबकत, मग धीर आल्यासारखा, मग एखादं लुगडं टरकन फाडावं तसा, वारा सरला.

क्षणभर कुणी हललं नाही. मग रुपाबाईचा हर्षानं भरलेला आवाज आला, “सरला वो बाई, सरला! आता चहा आना!”

पहिली हसली ती सीताबाई. हात जोडलेले तसेच, डोळे मिटलेले तसेच, आणि खांदे हलत होते. मग मुसलमान म्हातारी, मग सारा वॉर्ड. मनकर्णानं ओठ मिटले, दात आवळले, जोडवी मोजून पाहिली, पण हसू काही ऐकेना. ते पोटातूनच आलं, जिथून ते यायला नको होतं तिथूनच, आणि त्याच्याबरोबर विळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. तिचं तोंड उघडलं. त्यातून हसणं निघालं, आणि हसण्याच्या पाठोपाठ एक आरोळी निघाली, इतकी मोठी, की ती कुणाची हे तिला आधी कळलंच नाही. “मेली वो माय! मेली!” आरोळीला हवा लागते, ती हवा थेट तळापर्यंत गेली आणि येताना खोकला घेऊन आली. ती उशी पोटाशी कवटाळून खोकली, ओरडली, हसली, पुन्हा खोकली. घट्ट कफाचा गोळा सीताबाईनं पुढे केलेल्या भांड्यात पडला.

“दुखतंय का?” सीताबाईनं विचारलं. तिचे डोळे हसून ओले झाले होते.

“लय दुखते!” मनकर्णा म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. इथं दुखतं, बेंबीच्या खाली, विळा फिरवल्यावानी. या बाजूला नुसतं ओढतं, ओल्या दोरावानी. मिरची लागल्यासारखी आग होते ती वेगळी, ती टाक्यावर. आणि पाठीत, जिथं सुई दिली नाही काही केलं नाही, तिथंबी दुखतं, ते काहून दुखतं? ती बोलत होती आणि बोलता बोलता नवल करत होती. इतकं सगळं होतं तिच्याजवळ! एक दुखणं म्हणून ती ज्याला बोळा देऊन बसली होती, ते एक नव्हतंच. वाफ्यावाफ्यात वेगळी भाजी असावी तशी ती दुखणी वेगवेगळी होती, आणि नाव घेतलं की प्रत्येक जरा सरकून बसत होतं. सीताबाईनं सुई दिली. दंडातून ऊब पसरत गेली. विळा कुणीतरी उचलून खुंटीला टांगला. दिसत होता, पण तिथं लांब.

त्याच वेळी दारात शालिकराम उभा होता. वॉर्डात पुरुषांना मनाई, तो बाहेर लिंबाखाली चूल मांडून राहायचा. आरोळी ऐकून तो अनवाणी धावत आला होता आणि चौकट दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याला वाटलं, संपलं. पण बायको खाटेवर बसलेली, केस पिंजारलेले, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, आणि ती हसत होती.

“काय झालं व?” त्यानं विचारलं.

“दुखून राह्यलं,” ती म्हणाली, नवऱ्याला तोंडावर, सगळ्यांदेखत.

त्यानं चौकटीवरचे हात सोडले. मग म्हणाला, “तुहा आवाज एवढा मोठा हाय, मले ठावच नव्हतं.” आणि लाजून निघून गेला.

पुढचे दिवस तिला फार चांगले गेले. दुखणं होतं, पण आता त्याच्याशी तिचं येणं-जाणं सुरू झालं होतं. उताणं निजून एकदम उठायचं नाही, आधी कुशीवर व्हायचं, कोपरावर भार द्यायचा, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. चालायच्या आधी गोळी मागून घ्यायची, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. पोटाला पट्टा गुंडाळला की पाठ ताठ राहते. शिंक आली तर उशी. हे सगळं ती शिकली आणि नव्यानं आलेल्या बायांना सांगायला लागली. व्हरांड्यात भिंत धरून पहिल्यांदा चालली तेव्हा तिला वाटलं आपण उडतोय. पुढे काही नव्हतं. पोट नव्हतं. नुसतं ऊन होतं आणि त्यात पडणारी तिची पावलं. रुपाबाई मागून म्हणाली, “अशी वाकून नोको चालू, म्हातारी दिसते,” आणि स्वतः काटकोनात वाकून चालली होती. दोघी तिथंच भिंतीला टेकून हसल्या, दोघींनी एकदमच पोट धरलं, आणि दोघी एकदमच ‘अवं माय’ म्हणाल्या.

टाके काढायच्या दिवशी जिजाबाई भाकर बांधून आली. सीताबाई चिमटा घेऊन बसली होती, एकेक टाका ओढत होती, आणि चौथा-पाचवा टाका जरा चिकटलेला निघाला. सासू समोर उभी. मनकर्णानं दात आवळले, सोडले, आणि म्हणाली, “बाई, हळू. दुखते.” म्हणताना तिनं सासूकडे पाहिलं नाही. सगळे टाके निघेपर्यंत जिजाबाई उभीच होती. नंतर खाटेवर बसून तिनं भाकरीचं फडकं सोडलं, तुकडा मोडला आणि तो सुनेला द्यायचा विसरून हातातच धरून बसली.

“बाहेर शालिकरामनं सांगतलं मले, तू कशी ओरडली ते,” ती म्हणाली.

मनकर्णानं पोटावरचा पट्टा सारखा केला.

“बरं केलं. मले बी लय ओरडायचं होतं. शालिकरामच्या खेपेले त मी मरूनच गेलती. पन घरात जागाच नोती ओरडायले. भिताडाच्या पलीकडं सासरा.” मग तिला हातातला तुकडा दिसला आणि तो पुढे करत ती म्हणाली, “खाय. वांग्याचं भरीत हाय. तुह्या हातच्यासारखं नाई झालं.”

मनकर्णानं तुकडा घेतला. आपण काही गमावलं की नाही हे शोधायला ती मनात सगळीकडे फिरून आली. काही गमावलेलं सापडलं नाही. भरीत मात्र खरंच खारट झालं होतं, आणि तिनं ते सगळं संपवलं.

घरी जायचा दिवस बाजाराचा निघाला. शालिकरामनं गाडीत कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीवर आणखी एक गोधडी घातली होती. जिजाबाई पुढे घरी पोरींजवळ गेली होती. ऊन उतरणीला लागलं होतं. गावाबाहेर रस्ता अरुंद, दोन्हीकडे काळ्या रानाचा बांध, मधे चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. पहिल्याच खड्ड्याला तिनं “थांबा” म्हटलं, आणि शालिकराम थांबला. मग तो खाली उतरला, बैलांच्या नाथा, नाकातल्या वेसणी, हातात धरून स्वतः पुढे चालायला लागला, आणि प्रत्येक खड्डा आधी पायानं चाचपून मग बैल आणू लागला. सुगीचे दिवस सरले होते, हरभरा घाट्यावर आला होता, वाऱ्याला त्याचा आंबूस वास होता. मनकर्णा तक्क्याला टेकल्यासारखी कडब्याला टेकून हे सगळं बघत होती. असं आरामात बसून हा रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता. डोक्यावर पाटी असली की रस्ता फक्त पायांपुढे असतो.

मागे बाजारातून परतणाऱ्या गाड्या येऊन अडकल्या. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात. घुंगरं वाजत होती, बैल फुरफुरत होते, गाडीवाले खोळंबले होते. कुणीतरी मागून ओरडलं, “अरे, कोन चाललं पुढं मुंगीवानी? वरात हाय का कोनाची?”

बाया खिदळल्या. मनकर्णाला वाटलं, आता हा बैलांच्या नाथा ओढणार, खाली मान घालून गाडी बांधाला लावणार. शालिकराम थांबला. तो मागे वळला. पायतणाकडे त्यानं पाहिलं नाही. गळ्याच्या शिरा ताणून, मोटेवरसुद्धा तिनं त्याला कधी एवढ्या मोठ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं, तो ओरडला, “हाव! वरातच हाय! माही बायको हाय गाडीत! पोटातून कोहळ्याएवढा गोया काढला तिच्या! हळूच चालीन मी! ज्याले घाई असन त्यानं वावरातून जावा!”

मग मागून कुठून तरी रामीबाईचाच आवाज आला, “अवं, मनकर्णा हाय का ते? गोया होता? अन् आमी चिंचा चारल्या व तुले!” आणि हशा असा उसळला की बैलांनी कान टवकारले.

वावरातून कुणी गेलं नाही. मळ्याच्या वळणावर शालिकरामनं गाडी बाजूला घेतली तेव्हा मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघाल्या, आणि प्रत्येक गाडीतून काही ना काही तिच्याकडे आलं. उन्हात निजू नोको, गार पाणी पिऊ नोको, पाटी उचलशील त पाह्य, दूध-हळद घे, पोट बांधून ठेव, पोरीले कामाले लाव, डागदरीन गोरी होती की काय, कापताना तुले दिसलं का? मनकर्णा गोधडीवर बसून एकेकीला उत्तर देत होती, हात हलवत होती, कुठं कापलं ते पदरावरून दाखवत होती, दुखतं ते सांगत होती, बरं वाटतं ते सांगत होती. शेवटची गाडी धुळीत दिसेनाशी झाली तेव्हा तिचा घसा पार बसला होता.